वादळ पंधरा मिनिटांत थांबेल

त्या दिवशी दुपारी अडीच वाजता चौकशीसाहेबांनी एक छोटासा निर्णय घेतला आणि संध्याकाळपर्यंत त्या निर्णयाने त्यांना पार तोंडघशी पाडलं. निर्णय एवढाच होता, की मुलींना वादळाचं काही सांगायचंच नाही.

आता चौकशीसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसतात म्हणून सगळी इमारत त्यांना तसं म्हणते. (साहेब हा शब्द इमारतीने प्रेमाने जोडलाय. खिडकीबाहेरचे लोक वेगळे शब्द जोडतात.) गेली एकोणीस वर्षं तो माणूस सकाळी सातपासून एकच प्रश्न ऐकत आलाय, गाडी कधी येणार? नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांच्या आधीच्या बाबूने पान थुंकून त्यांना या धंद्याचं सार सांगितलं होतं. म्हणाला होता, बाबा रे, 'माहीत नाही' असं कधी म्हणायचं नाही. वेळ सांगायची. वेळ चुकली तर माणूस गाडीला शिव्या देतो, माहीत नाही म्हटलंस तर तुला देतो. तेव्हापासून साहेबांच्या तोंडी कायम एक वेळ तयार असते. गाडी डेपोत उलटी पडलेली का असेना, साहेब काचेतून सांगणार, पंधरा मिनिटांत येतेय.

खिडकीत हे चालून गेलं. घरात मात्र दोन महिन्यांपूर्वी घोड्याने पेंड खाल्ली. गारा पडत होत्या आणि सहा वर्षांची बिट्टी घाबरून त्यांना चिकटली होती. साहेबांनी सवयीने तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "काही होणार नाही, दोन मिनिटांत थांबेल." 'थांबेल' हा शब्द पुरा व्हायच्या आत समोरच्या झाडाची फांदी हॉलच्या खिडकीची काच फोडून जेवणाच्या टेबलावर येऊन पडली, पानाफुलांसकट. कुणाला खरचटलंही नाही, पण त्या दिवसापासून बिट्टीचा बापाच्या शब्दावरचा विश्वास जो उडाला तो उडालाच. आभाळ नुसतं भरून आलं तरी ती शाळेत जायला रडायची. आणि साहेबांनी काहीही सांगितलं, अगदी दूध गरम नाहीये असं सांगितलं, तरी ती शांतपणे म्हणायची, "थांब, आईला विचारते."

ते 'थांब, आईला विचारते' साहेबांना फार लागायचं. खिडकीत रोज शंभर माणसं त्यांना खोटारडा म्हणतात, तरी ते घरी येऊन पोटभर जेवतात. पण पोरीचं ते एवढंसं वाक्य त्यांना गिळवत नसे. बायकोशी बोलताना ते तसं कबूल करायचे नाहीत, पण रोज मनात एकच हिशेब चालायचा, की पोरीने पुन्हा आपल्यावर विश्वास ठेवायला काय करावं.

तर त्या दिवशी मोठ्या वादळाचा इशारा होता. दुपारी बारालाच गाड्या बंद झाल्या, साहेब घरी आले. शाळा लवकर सुटल्या, मुली घरी आल्या. फक्त बायको आली नाही. ती दवाखान्यात नर्स आहे. तिच्या जागी येणारी दुसरी नर्स पुलापलीकडे अडकली होती, तेव्हा ही सकाळपर्यंत ड्युटीवरच राहणार, असा तिचा फोन आला. फोनवर तिने तिच्या स्वभावाप्रमाणे मोजून चार गोष्टी सांगितल्या. पाणी भरून ठेवा. टॉर्च हाताशी ठेवा. जोर वाढला की काचेपासून लांब, आतल्या पॅसेजमध्ये बसा. "आणि हे बघा, बिट्टीला आधीच खरं सांगा. आवाज होतील, लाइट जातील, सगळं सांगा. तिला खोटं कळतं."

साहेबांनी पहिल्या दोन गोष्टी अगदी मनापासून केल्या, तिसरीसाठी पॅसेज मोकळा करून ठेवला. चौथी केली नाही. त्यांचं म्हणणं असं, की पोर आधीच घाबरट, तिला वादळाचं सांगणं म्हणजे आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं. त्यापेक्षा वादळ आलं आणि गेलं, हे तिला कळलंच नाही तर? आई सकाळी येईल, बिट्टी विचारेल, कसलं वादळ? साहेबांना ते चित्र इतकं आवडलं की ते स्वतःशीच हसले.

मग त्यांनी पडदे ओढून घेतले. टीव्हीची वायर काढून ठेवली. दहा वर्षांची ताई सोफ्यावर पुस्तक वाचत बसली होती. तिला शाळेतच सगळं कळलं होतं, पण ती काही बोलली नाही. बाबा कुठवर जातो ते तिला बघायचं होतं.

चारच्या सुमाराला पहिला गडगडाट झाला. बिट्टी जागच्या जागी ताठ झाली.

"वरचे मास्तरआजोबा," साहेब तत्परतेने म्हणाले. "कपाट सरकवतायत."

वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर एकटेच राहत. सज्जन, शांत माणूस. त्यांच्या माथी साहेबांनी कपाट मारलं. पाच मिनिटांनी पुन्हा गडगडलं. बिट्टीने विचारलं, परत का सरकवलं? साहेब म्हणाले, दुसऱ्या भिंतीला लावून बघितलं असेल. तिसऱ्यांदा गडगडलं. साहेब म्हणाले, पहिलीच भिंत बरी वाटली असेल. चौथ्या वेळेला घराला भिंती उरल्या नाहीत, तेव्हा साहेब स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी मिक्सर लावला.

म्हणजे बाहेरचा आवाज आतल्या आवाजात बुडवायचा. रिकामा मिक्सर जळतो हे त्यांना माहीत होतं (मागच्या वर्षी एक जाळलाच होता), म्हणून त्यांनी हाताला लागला तो साखरेचा डबा उपसायला सुरुवात केली. गडगडलं की मिक्सर, गडगडलं की मिक्सर. वीस मिनिटांत घरातली झाडून सगळी साखर पिठीसाखर झाली आणि साहेबांच्या मिश्या पांढऱ्या झाल्या.

या गडबडीत बाहेरच्या खोलीत काय चाललंय ते त्यांना ऐकू आलं नाही. बिट्टीने ताईला सांगितलं, की तू वर जा आणि मास्तरआजोबांना सांग, की कपाट जरा हळू सरकवा, आमच्या घरी लहान मुलगी आहे. आणि ताई, जिला सगळं माहीत होतं ती ताई, निमूटपणे वर जाऊन हा निरोप जसाच्या तसा देऊन आली. येताना मास्तरांनाच घेऊन आली.

साहेब हात पुसत बाहेर आले तेव्हा मास्तर दारात उभे होते. मास्तरांचा चेहरा दुखावलेला होता. म्हणाले, अहो साहेब, माझ्याकडे कपाटच नाही. पुस्तकं खोक्यात आहेत आणि कपडे दोरीवर. आणि मी तर दुपारपासून पलंगावर पडून आहे.

साहेबांनी त्यांना डोळ्यांनी खुणावलं. मास्तरांनी चाळीस वर्षं वर्गावर घालवली होती, पोरांच्या खाणाखुणा त्यांना कधी मानवल्या नव्हत्या. त्यांनी सरळ विचारलं, डोळ्यात काही गेलंय का?

तेवढ्यात पुन्हा गडगडलं, चांगलं लांबलचक.

बिट्टीने वर छताकडे पाहिलं. मग दारातल्या मास्तरांकडे पाहिलं. मग पुन्हा छताकडे. आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आजोबा तर इथे आहेत. मग वर कोण सरकवतंय?"

घ्या. वादळाच्या भीतीतून पोरीला वाचवायला गेले आणि वरच्या रिकाम्या घरात कपाट ओढणारं कुणीतरी निर्माण करून बसले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. बिट्टीचे ओठ थरथरायला लागले. शेवटी मास्तरांनीच खाली बसून तिला सांगितलं, की बाळ, वर कुणी नाही, ही वीज आहे, बाहेर मोठं वादळ आलंय. बिट्टीने ते ऐकून घेतलं आणि बापाकडे एकदाच पाहिलं. रडली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं.

आणि त्याच क्षणी लाइट गेले.

"मीच बंद केले," साहेब अंधारातून म्हणाले. (सवय, दुसरं काय.) "गंमत."

"मग लाव," बिट्टी म्हणाली.

साहेबांनी टॉर्च लावला. बाहेर वारा असा सुटला होता की दारं चौकटीत खडखडत होती. मास्तर वर जायला निघाले, पण जिन्यात काळोख, तेव्हा साहेबांनी त्यांना बसवून घेतलं. बिट्टी बापाला सोडून मास्तरांच्या शेजारी जाऊन बसली आणि तिथून तिने तोच प्रश्न विचारला, जो साहेबांनी एकोणीस वर्षं ऐकला होता. "वादळ कधी जाणार?"

साहेबांचं तोंड मेंदूच्या आधी चालतं. "पंधरा मिनिटांत थांबेल."

ताईने घड्याळात पाहिलं, वही उघडली आणि टॉर्चच्या उजेडात वेळ लिहून ठेवली. पंधरा मिनिटं झाली, वारा दुप्पट झाला. साहेब म्हणाले, अजून वीस मिनिटं, पलीकडून निघालंय. ताईने खाली दुसरी ओळ लिहिली. मास्तर हळूच म्हणाले, की मला एकदा असंच साडेतीन तास बसवलं होतं हो तुम्ही, ताटकळत, लेकीकडे जायचं होतं. साहेबांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

वीस मिनिटं पुरी व्हायच्या आत गच्चीवरच्या टाकीचं झाकण उडालं आणि खाली कुठेतरी जाऊन असं काही आदळलं, की सगळी इमारत दणाणली. वाऱ्याने बाहेरचं दार सताड उघडलं. टॉर्च साहेबांच्या हातून पडला, घरंगळत सोफ्याखाली गेला. तो शोधून त्यांनी उजेड पाडला तर मास्तर होते, ताई होती, आणि बिट्टी नव्हती.

टेबलाखाली पाहिलं. पलंगाखाली पाहिलं. कपाटात, पडद्यामागे, धुण्याच्या टोपलीतसुद्धा. ताई हाका मारत होती, मास्तर अंधारात खुर्च्यांना धडकत होते. "बिट्टे, ये गं राणी, काही होणार नाही," असं साहेब म्हणत होते आणि म्हणता म्हणता त्यांना कळत होतं, की नेमकं याच वाक्याला पोर ओ देणार नाही. मग त्यांची नजर उघड्या दाराकडे गेली आणि त्यांच्या पाचावर धारण बसली. खाली गेली असेल तर? रस्त्यावर?

ते तीन मजले उतरून गेले. खाली दार बंद होतं, कडी वरच्या बाजूला होती, बिट्टीचा हात पोचण्यासारखी नव्हती. जीव थोडा भांड्यात पडला. पुन्हा तीन मजले चढून आले, धापा टाकत पॅसेजमध्ये शिरले, आणि तेवढ्यात वीज पडली. जवळच कुठेतरी पडली असणार, कारण उजेड आणि आवाज एकदमच आले. साहेबांनी आयुष्यात दिली नव्हती एवढी मोठी आरोळी दिली, "आई गं मेलो!", आणि वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामध्ये जी हातभर फट होती तिच्यात ते डोकं खाली घालून घुसले.

फटीत आधीच कुणीतरी होतं.

"बाबा," बिट्टी म्हणाली, "माझ्या पायावर बसलायस."

काखेत कळसा नि गावाला वळसा. साहेबांनी पाय बाजूला घेतला आणि पोरीला छातीशी धरलं. त्यांचं सगळं अंग थरथरत होतं, ते तिला जाणवत होतंच.

"तू घाबरलास?" बिट्टीने विचारलं.

नाही गं, मी कशाला घाबरतोय, हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण तीन मजले वर-खाली करून दम राहिला नव्हता, आणि खोटं बोलायलाही दम लागतोच. "हो," ते म्हणाले.

"खूप?"

"खूप. तू सापडत नव्हतीस तेव्हा तर फारच. आणि विजेलाही घाबरतो मी, लहानपणापासून."

बिट्टीने यावर विचार केला. मग पुन्हा विचारलं, "वादळ कधी जाणार?"

साहेबांनी तोंड उघडलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्यात वेळ तयार नव्हती. "माहीत नाही," ते म्हणाले. "खरंच माहीत नाही गं."

त्यांना वाटलं, आता पोर हंबरडा फोडणार. बिट्टी उलट सैल झाली. तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं. मग तिने एकेक विचारायला सुरुवात केली आणि साहेबांनी एकेक खरं सांगायला. काच फुटेल का? फुटू शकेल, म्हणून तर आपण इथे पॅसेजमध्ये आहोत, इथे काच नाही. भिंत पडेल का? नाही, ती सिमेंटची आहे, एवढं मला माहीत आहे. आईला काही होईल का? आई दवाखान्यात आहे, ती इमारत आपल्यापेक्षा मजबूत आहे, पण काळजी मलाही वाटतेय. लाइट कधी येतील? माहीत नाही. दोन वेळा म्हटल्यावर ते शब्द इतके सोपे वाटायला लागले, की साहेबांना एकोणीस वर्षं फुकट गेल्याची हळहळ वाटली.

ताई आणि मास्तर चादरी घेऊन तिथेच आले. मास्तर म्हणाले, वादळ कधी जाणार ते आधी सांगता येत नाही, पण ते जातंय की येतंय ते मोजता येतं. वीज चमकली की आकडे म्हणायचे, आवाज आला की थांबायचं. आकडा मोठा होत गेला की समजायचं, निघालं ते. मग कामं वाटली गेली. ताई पॅसेजच्या टोकाशी बसून 'चमकली' म्हणणार, बिट्टी मोजणार, मास्तर ताईच्या वहीत आकडे लिहिणार.

"आणि मी?" साहेबांनी विचारलं.

"तू घाबर," बिट्टी म्हणाली. "आम्ही आहोत."

पहिला आकडा दोन आला. मग तीन. मग पुन्हा दोन आला तेव्हा बिट्टीने न सांगता बापाचा हात घट्ट धरला, आणि त्या मुठीत कोण कुणाला धीर देत होतं ते देव जाणे. मग पाच. मग नऊ. चौदापर्यंत आलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सात वाजता सगळ्यांनी पाव आणि पिठीसाखर घातलेलं दूध घेतलं. एकवीस म्हणता म्हणता बिट्टी साहेबांच्या मांडीवर झोपून गेली. मास्तर भिंतीला टेकून म्हणाले, की बरं झालं हो तुम्ही माझ्याकडे कपाट ठेवलंत, नाहीतर आज वर एकटाच पडून राहिलो असतो. साहेबांनी त्यांच्या अंगावर चादर घातली. त्यांना मास्तरांचे, ताईचे, त्या वॉशिंग मशीनचे, सगळ्यांचेच उपकार वाटत होते, आणि कुणाचे कसे मानावेत ते समजत नव्हतं.

सकाळी बायको आली. रात्रभर जागलेली, साडीला चिखल. तिने आधी मुलींच्या अंगावरून हात फिरवला, मास्तरांना चहा दिला, मग बिट्टीला जवळ घेऊन विचारलं, की बाबांनी कसं सांभाळलं? बिट्टी म्हणाली, आधी त्रास दिला, मग घाबरला, मग शहाण्यासारखा वागला.

मुली हॉलमध्ये गेल्यावर बायको स्वयंपाकघरात साहेबांजवळ येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "सगळं सांगितलं ताईने. बिट्टीला धीर यावा म्हणून तुम्ही घाबरल्याचं नाटक केलंत. मला नसतं सुचलं हो असं. फार फार बरं वाटलं."

आता बघा, देवाने दिलेली संधी. नुसती मान हलवायची होती. लग्नाला बारा वर्षं झाली, पण बायकोने इतक्या कौतुकाने त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी दारातून हॉलमध्ये पाहिलं. बिट्टी खिडकीजवळ उभी राहून बाहेरचं पाणी बघत होती, एकटी, आभाळ अजून काळंच होतं तरी.

"नाटक नव्हतं ते," साहेब म्हणाले. "खरंच घाबरलो होतो. ओरडलो पण."

बायको एकदम हसली, डोळे पुसता पुसता हसली. "माहीत आहे मला, तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. मघाशी येताना जिन्यात तिन्ही मजल्यांवर दारं उघडून विचारलं मला सगळ्यांनी, की वादळात कोण किंचाळलं एवढं? तुमची लाज राखायला मी आपलं सांगून टाकलं, बिट्टी होती म्हणून."

"मी नव्हते," हॉलमधून आवाज आला.

आणि कुणी काही म्हणायच्या आत बिट्टीने पायात चपला सरकवल्या. खोटं राहून जाऊ नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. साहेबांनी तिला अडवलं नाही. ते चहाचा कप घेऊन बसून राहिले आणि ऐकत राहिले. समोरची बेल वाजली. मग दुसऱ्या मजल्यावरची. मग पहिल्या. प्रत्येक दारात ती तेच सांगत होती, स्पष्ट, खणखणीत आवाजात, काल आभाळाला घाबरणारी त्यांची पोर.

"ती मी नव्हते. तो माझा बाबा होता. पण आता बरा आहे."